नऊ दिवस कोबी

बोत्सवानाची राजधानी गाबोरोनला गेल्यावर पहिले नऊ दिवस मी रोज रात्री कोबी खाल्ला आणि त्यात कोणाचीच चूक नव्हती, माझी सोडून. झालं असं की जायच्या आधी होस्ट फॅमिलीसाठी एक फॉर्म भरायचा होता, त्यात जेवणाच्या रकान्यात तीनच चौकोन, व्हेज, हलाल आणि काहीही चालेल. आता आम्ही बडोद्याचे मराठे, रविवारी घरात मटण झालं नाही तर बाबांना आठवडा संपल्यासारखं वाटत नाही, पण गाय खात नाही, आणि 'गाय सोडून सगळं' असा चौकोनच नव्हता. काहीही चालेलवर टिक केली आणि पहिल्याच दिवशी ताटात बीफ आलं तर कोणाच्या घरी बसून नाही कसं म्हणायचं, म्हणून मी घाबरून व्हेजवर टिक केली. पुढचं पुढे बघू म्हटलं. पुढे कोबी होता.

आधी थोडं मागचं सांगते. मी एम.एस. युनिव्हर्सिटीत फूड्स अँड न्यूट्रिशनमध्ये मास्टर्स करत होते आणि २०१८ च्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत एक सेमिस्टर बोत्सवानाला, युनिव्हर्सिटी ऑफ बोत्सवानात जायला मिळालं. विषय ज्वारी. आंबवलेली ज्वारी. आई म्हणाली ज्वारीसाठी आफ्रिकेला कशाला, सोलापूरला मामाकडे जा की. बडोद्यात कसं असतं, प्रत्येक गल्लीत कोणाचं तरी कोणीतरी आफ्रिकेत असतंच, समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबेननी लगेच नैरोबीच्या दिराचा नंबर दिला, अडीअडचण आली तर सरळ जाऊन उभी रहा म्हणाल्या. नैरोबी गाबोरोनपासून अडीच हजार किलोमीटरच्या पण पुढे आहे. तरी नंबर मी ठेवला होता, हंसाबेनना नाही म्हणता येत नाही.

तर घर ब्रॉडहर्स्ट नावाच्या भागात, शहरातच. घरात मम्मा (सरकारी ऑफिसात नोकरी), मोठा मुलगा माझ्यापेक्षा वर्षभराने लहान, धाकटी आठ वर्षांची, आणि पापा ज्वानेंगच्या हिऱ्याच्या खाणीत कामाला, ते महिन्यातून दोनदा यायचे. आणि मोचुडी गावात न्कुकू, म्हणजे आजी. नावं लिहीत नाहीये कारण विचारलेलं नाही त्यांना, आणि खरं सांगायचं तर मम्माचं स्वतःचं नाव मला पण दीड महिन्याने कळलं, कारण तिकडे बाईला पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, अमक्याची आई, शेजारीपाजारी, दुकानदार, चर्चमधले सगळे तसंच बोलवतात. आपल्याकडे पण 'बंड्याची आई' असतंच की, फक्त आपल्याकडे ते जुनं झालं.

कोबीकडे येते. मम्मा कोबी छान करायची हां, कांदा टोमॅटो गाजर घालून, बाजूला भात नाहीतर मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, त्याला फालेचे म्हणतात. पहिल्या दिवशी मला खरंच आवडला. तिने विचारलं अजून वाढू का, मी म्हटलं नको नको, पुरे. तिने भांडं उचललं आणि आत नेलं. मी बघतच राहिले. म्हणजे मला अजून हवा होता ना! आपल्याकडे पहिलं नको हे नको नसतंच, ते नुसतं तोंडातून येतं, मग समोरचा म्हणतो अगं असं कसं, मग दुसरं नको जरा बारीक आवाजात, मग पानावर हात आडवा, पण बोटं फाकवलेली, आणि मग वाढतात. बडोद्यात तर डबल, मराठी आग्रह वेगळा आणि वर गुजराती शेजारणी 'मारा सम' म्हणून शपथा घालून वाढतात. बावीस वर्षं मी या पद्धतीत वाढलेली, आणि इथे एक बाई होती जी नको म्हटलं की नको असं समजत होती. अर्धपोटी उठले.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं तुला दुसरं काही करून देऊ का, सांग. मी म्हटलं नाही नाही, हे मस्त आहे, तुम्ही कशाला त्रास घेता. झालं. तिला वाटलं पोरीला कोबी फार आवडतो. आणि बाजूला बाकी सगळे चिकन खातायत, वास येतोय, आणि मी मान खाली घालून कोबी. खोलीत येऊन बाकरवडी खायची (बडोद्याहून दोन किलो नेली होती, सातव्या दिवशी संपली, तेव्हा मला खरं रडू आलं, घरच्यांच्या आठवणीने नाही, बाकरवडीसाठी).

नवव्या दिवशी युनिव्हर्सिटीतून येताना बस रँकवर उतरले. बस रँक म्हणजे गाबोरोनचा मुख्य स्टँड, रेल्वे स्टेशनला लागून, शेकडो पांढऱ्या कॉम्बी, कॉम्बी म्हणजे आपली मिनीबस, आणि मधल्या वाटांवर बायका टेबलं मांडून एअरटाइम (मोबाईलचं रिचार्ज), संत्री, शेंगा, मागविन्या विकतात. मागविन्या म्हणजे तळलेले गोल पाव, कुरकुरीत, आत मऊ. एका टेबलावर चिकन होतं. मी कसलाही विचार न करता दोन मागविन्या आणि चिकनचा तुकडा घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या, तोंडाला तेल लागलेलं, आणि समोर कोण तर मोठा मुलगा. तो काही बोलला नाही. नुसता मोबाईल काढला, फोटो काढला आणि कॉम्बीकडे निघून गेला.

रात्री जेवताना त्याने आईला काहीतरी सांगितलं. मला तेव्हा सेत्स्वाना येत नव्हती पण कोको म्हणजे कोंबडी हे येत होतं आणि त्या एका वाक्यात कोको तीनदा आलं. मम्माने चमचा खाली ठेवला. मग तिने मला विचारलं, तू चिकन खातेस? मी म्हटलं हो. मग बोलली का नाहीस? मी म्हटलं तुम्हाला त्रास नको म्हणून. ती म्हणाली, न्ग्वानाका, न्ग्वानाका म्हणजे माझ्या लेकरा, नऊ दिवस मी ऑफिसात बसून हा विचार करतेय की या मुलीला आज काय घालू, शेजारणीला विचारलं, इंडियन दुकानात जाऊन विचारलं, त्रास तो होता. आणि मग हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि धाकटी टेबलाभोवती कोको कोको करत पळत होती. त्या घरात अजून पण माझा विषय निघाला की कोबी म्हणतात. व्हॉट्सॅपवर माझा नंबर मोठ्याने त्याच नावाने सेव्ह केलाय.

मग गायीचा विषय काढावाच लागला. मी खूप भीत भीत सांगितलं, कारण बोत्सवानात गाय म्हणजे सगळं. पैसा, इज्जत, लग्नात मुलीकडच्यांना द्यायचं ते पण गायी, त्याला बोगादी म्हणतात. शहरात नोकरी करणाऱ्याची पण गावाबाहेर लांब कुठेतरी मोराका असते, म्हणजे गुरांचं ठिकाण, आणि शनिवार-रविवार पुरुष मंडळी पिकअप घेऊन तिकडे. माणसाची खरी जागा तीन, मोत्से म्हणजे गाव, मासिमो म्हणजे शेतं आणि मोराका, शहर यात मोजतच नाहीत. पापा त्या आठवड्यात आलेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले आमच्याकडे जुनी म्हण आहे, गाय म्हणजे ओल्या नाकाचा देव. मला काटाच आला एकदम. म्हटलं देव आहे तर मग खाता कसे? तर ते एकदम सरळ म्हणाले, देव आहे म्हणूनच रोज नाही खात, लग्नात खातो, मयताला खातो. आणि खरंच, स्वतःच्या गोठ्यातली गाय उगाच कोणी कापत नाही, दुकानातून चिकन आणतात. मग मी त्यांना आमच्या महाराजांची गोष्ट सांगितली, गायकवाड नाव कसं पडलं, पूर्वजांनी गायींना किल्ल्याच्या कवाडातून आत घेऊन वाचवलं असं सांगतात ते. पापांना ती इतकी आवडली की पुढे प्रत्येक पाहुण्याला ते माझी ओळख 'ज्यांच्या राजाचं नावच गाय आहे तिथली' अशी करून द्यायचे. म्हटलं चालेल.

पण खरा निकाल न्कुकूने लावला. मोचुडी गाबोरोनच्या उत्तरेला साधारण चाळीस किलोमीटर, पहिल्यांदा गेलो तेव्हा अंगणात काळी तीन पायांची लोखंडी हंडी चुलीवर आणि मम्मा घाईघाईने आईला समजावतेय की हिला बीफ नाही चालत. न्कुकूच्या छातीवर झायन ख्रिश्चन चर्चचा चांदणीचा बिल्ला. ती म्हणाली मी डुक्कर खात नाही, माझं चर्च नको म्हणतं, ही गाय खात नाही, हिचं चर्च नको म्हणत असेल, यात एवढं बोलण्यासारखं काय आहे, बकरी आहे घरात. संपलं. मी फॉर्म भरल्यापासून मुंबई-जोहान्सबर्ग-गाबोरोन एवढं लांब जो विचार करत गेले होते तो तिने एका वाक्यात संपवला आणि कांदा चिरायला दिला. बकरीचं सेस्वा केलं, म्हणजे मांस नुसतं मीठ आणि पाणी घालून तासनतास शिजवायचं आणि मग लाकडी दांड्याने कुटून त्याचे धागे धागे करायचे. मसाला शून्य. पहिला घास घेतल्यावर मनात म्हटलं अगं लसूण तरी घाला, तिसऱ्या घासाला कळलं की आपण घरी मटण नाही, मसाला खातो. (बाबा हे वाचत असतील तर सॉरी.)

हंडीवरून आठवलं. त्या हंडीला सेत्स्वानात पिट्सा म्हणतात. दुसऱ्या आठवड्यात मम्मा स्वैपाकघरातून ओरडली, मागच्या खोलीतून पिट्सा आण. मी इतकी खूश झाले! दहा मिनिटं फ्रीज उघडून शोधत होते.

भाषा मजेदार आहे पण उच्चार घसा सोलतात. ग लिहितात आणि उर्दूतला ख बोलतात, त्यामुळे गाबोरोन हे खरं म्हणजे खाबोरोने आहे, गो सियामे म्हणजे ठीक आहे, ते खो सियामे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नमस्कार. बाईला दुमेला म्मा, पुरुषाला दुमेला र्रा, आणि हे केल्याशिवाय पुढचं काही नाही. मी एकदा दुकानात जाऊन सरळ विचारलं साखर आहे का, तर दुकानातली बाई माझ्याकडे बघून म्हणाली, दुमेला म्मा. मी परत म्हटलं साखर. ती परत, दुमेला म्मा. तिसऱ्यांदा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढे विचारतात ओ काए, शब्दशः तू कुठे आहेस, आणि उत्तर के तेंग, मी आहे इथे. मोठ्यांना विचारताना अनेकवचन, आपल्या तुम्ही सारखं, आणि वस्तू देताना घेताना उजवा हात पुढे आणि डावा हात उजव्या कोपराला लावायचा. उजव्या हाताचं मला शिकवावं लागलं नाही, डाव्या हाताने प्रसाद घेतला म्हणून आजीने लहानपणी मारलेलं आहे, कोपराचं मात्र विसरायचे आणि धाकटी माझा हात धरून कोपराला लावायची, कॉम्बीत कंडक्टरला पैसे देताना पण. आणि कोणाच्या घरी गेलं की फाटकाशी उभं राहून कोऽ कोऽ असा आवाज द्यायचा. हो, कोंबडीसारखाच. यावरून माझी किती टिंगल झाली असेल ते तुम्ही समजून घ्या.

आता ज्वारी, ज्यासाठी गेले होते. तिकडे माबेले म्हणतात. ज्वारी मुळात आफ्रिकेचीच, हजारो वर्षांपूर्वी तिकडून आपल्याकडे आलेली, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं आणि न्कुकूच्या अंगणात उभं राहणं वेगळं. अंगणाला लोलवापा म्हणतात आणि कुटुंबाला लेलवापा, जवळपास एकच शब्द. तिथे कोपऱ्यात लाकडी उखळ, त्याला किका, मुसळ त्याला मोत्शे, आणि पाखडायचं सूप, लेसेलो, आपल्यासारखं तोंडाशी उघडं नाही, गोल टोपलीसारखं, पण पाखडायची ढब अगदी तीच, मनगट झटकून, कोंडा पुढे उडतो आणि दाणा मागे. न्कुकूने ज्वारी थोडी ओली करून उखळात घातली आणि मुसळ माझ्या हातात दिलं. मी चाळीसेक ठोके दिले असतील आणि हाताला फोड. ती म्हणाली युनिव्हर्सिटीत हे शिकवत नाहीत का. तिच्या लहानपणी रोज पहाटे बायकांचं हेच काम, मग गिरण्या आल्या. मी माझ्या रिपोर्टसाठी हे शोधलं होतं, कान्येच्या ग्रामीण उद्योग केंद्राने ज्वारीचं साल काढायचं छोटं यंत्र तयार केलं आणि त्यानंतर गावोगाव अशा गिरण्या झाल्या, ते मी तिला मोठ्या उत्साहाने सांगायला गेले. तिने ऐकलं आणि म्हणाली, हो, तेव्हापासून खांदे दुखायचे थांबले. माझ्या रिपोर्टमध्ये या मुद्द्यावर चार पानं आहेत.

जाडसर दळलेल्या ज्वारीचं घट्ट शिजवलेलं ते बोगोबे, आणि वर मादिला म्हणजे निथळलेलं आंबट दही. मी खाल्लं आणि एकदम गप्प झाले. कारण ते ज्वारीच्या कण्या आणि ताक होतं. आजी करायची, ती गेली तेव्हापासून घरात कोणी केलं नव्हतं, आम्ही बडोद्यात राहून रोटली आणि भातावर आलो. आणि सकाळी मोतोगो, पातळ, आंबवलेल्या पिठाचं, ते पीठ भिजवून आदल्या वेळचं थोडं आंबट विरजण घालून एकदोन दिवस ठेवतात, त्याला तिंग म्हणतात. आपली आंबीलच. मी न्कुकूला सांगितलं आंबवल्याने फायटेट, म्हणजे धान्यातलं लोह अडवून धरणारं द्रव्य, कमी होतं आणि लोह अंगाला जास्त लागतं, ती म्हणाली पोट शांत राहतं. दोघींचं बरोबरच होतं. चवळीला दिनावा, तिच्या पाल्याची वाळवून केलेली भाजी, ती पण ओळखीची. ओळखीची नव्हती ती फाने. मोपाने झाडावरची अळी, उकडून वाळवलेली, निम्म्याहून जास्त प्रोटीन असतं तिच्यात, विद्यार्थिनी म्हणून मी एक खाल्ली. विद्यार्थिनी म्हणून एकच.

सगळं गोड गोड होतं असं समजू नका. शनिवारी पहाटे उठून मोठी मयतं असायची, ओळख असो नसो गल्लीतल्या सगळ्यांनी जायचं, आधीच्या संध्याकाळी प्रार्थनेला जायचं, बायकांनी डोक्याला फडकं बांधून खांद्यावर शाल घ्यायची, आणि मला वाटायचं मी कोण लागते, मी कशाला. एकदा मी म्हटलं मी घरी थांबते, अभ्यास आहे. मम्मा काही म्हणाली नाही पण दिवसभर माझ्याशी तुटक. मला राग आला, मी पैसे देऊन राहतेय, माझा पण वेळ आहे, असं सगळं मनात. अजून पण मला वाटतं तेव्हा माझं पूर्ण चुकलं नव्हतं. पण पुढच्या वेळी गेले, आणि तिकडे कोणी माझ्याकडे पाहुणी म्हणून बघितलं नाही, एका बाईने सरळ बटाट्याचं टोपलं आणि सुरी पुढे सरकवली. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, तिकडे अख्खी गल्ली मयताच्या घरी येऊन शिजवते. कुठलं बरं ते मी नाही ठरवू शकत.

गणपतीचं सांगायचंच आहे. त्या वर्षी चतुर्थी १३ सप्टेंबरला, गुरुवारी. घरी आमचा दीड दिवसाचा असतो, दांडिया बाजारच्या जुन्या घरापासून चालत आलेला, आणि मला काही केल्या तिकडे एकटीने खोलीत मोबाईलवरच्या फोटोची पूजा करायची नव्हती. न्कुकूला फोनवर विचारलं तुमच्याकडे चिकणमाती मिळेल का. ती म्हणाली ये. बुधवारी संध्याकाळी बस पकडून मोचुडीला गेले तर तिने वारुळाची माती आणून भिजवून ठेवलेली, घर सारवायला हीच वापरतात म्हणाली, याच्यासारखी घट्ट माती नाही. वारुळाचा गणपती! बसून केला, सोंड दोनदा पडली. न्कुकू बाजूला खुर्चीवर. शेवटी म्हणाली याचं डोकं हत्तीचं का? मी गोष्ट सांगितली, पार्वती, शंकर, सगळी, माझ्या इंग्लिशमधून मोठ्या नातवाच्या सेत्स्वानात. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, म्हणजे याचं सेआनो त्लोऊ आहे.

सेआनो म्हणजे कुळाचा प्राणी. मोचुडीचे लोक बाखात्ला, त्यांचं माकड. बाक्वेनांची मगर, बांग्वातोंचं फुटी नावाचं छोटं हरीण. आपल्या सेआनोला मारायचं नाही, खायचं नाही, आणि मान देऊन बोलायचं असेल तर माणसाला त्या नावाने हाक मारतात. त्लोऊ म्हणजे हत्ती. बोत्सवानात लाखाच्या वर हत्ती आहेत, उत्तरेकडे, शेतं तुडवतात म्हणून तिकडच्या लोकांचं त्यांच्यावर फार प्रेम नाही, पण न्कुकूच्या हिशोबाने हे अगदी साधं होतं, हत्तीच्या कुळातला कोणी मोठा माणूस. मी म्हटलं आमच्यात पण असतं, देवक म्हणतात, लग्नाच्या आधी बसवतात, आमचं कळंबाचं झाड. मोठा म्हणाला, झाड? मगर माकड हत्ती, आणि तुमचं झाड? न्कुकूने त्याला गप्प केलं, झाडाखाली सगळेच बसतात म्हणाली. मला आईला लगेच फोन करून हे सांगायचं होतं पण आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र झाली होती, आपण साडेतीन तास पुढे.

आरती मी एकटीने म्हटली, टाळ नाही म्हणून धाकटीने (ती शुक्रवारी शाळा सुटल्यावर आली, विसर्जनाच्या आरतीला) दोन झाकणं वाजवली. न्कुकूने हात जोडले नाहीत, तिचं चर्च आहे, पण शाल डोक्यावरून घेऊन उभी राहिली संपेपर्यंत. विसर्जन बादलीत. आणि ते पाणी आणि माती तिने वाया नाही जाऊ दिलं, लिंबाच्या झाडाला घातलं.

पाण्याचं तिकडे असंच आहे. देशात तेव्हा वीसबावीस लाख माणसं (२०११ च्या जनगणनेत एकट्या बडोदा शहरात सोळा लाखांच्या वर होती) आणि मोठा भाग कालाहारीचं वाळवंट. २०१५ मध्ये गाबोरोनचं धरण पार आटलं होतं, मम्मा अजून त्या दिवसांच्या सवयीने रिकाम्या बाटल्या भरून ओळीने ठेवायची. तिकडच्या पैशाचं नाव पुला, म्हणजे पाऊस. चलन १९७६ ला आलं तेव्हा ठेवलेलं नाव. सभेत भाषण संपलं की लोक पुला असं ओरडतात, ३० सप्टेंबरला स्वातंत्र्य दिनाला टीव्हीवर ऐकलं. ऑक्टोबर म्हणजे भट्टी, आपल्या मे महिन्यासारखा, आणि नोव्हेंबर अर्धा गेला तरी आभाळ कोरडं. मग एका दुपारी आला, मी लायब्ररीत होते, बाहेर येऊन बघते तर वॉचमन, प्रोफेसर, पोरं, सगळे नुसते उभे, आडोशाला कोणी जात नाही. घरी पोचले तर मम्मा अंगणात भिजत उभी, ऑफिसच्या कपड्यात. म्हणाली, तू चहा ठेव, मला नको विचारूस हवा का.

निघताना आठवड्याआधीपासून मम्मा विचारत होती काय हवंय घरी न्यायला. आणि मी, चार महिन्यांनी, पहिल्यांदा एकदम सांगितलं, ज्वारीचं पीठ, न्कुकूच्या गिरणीतलं, दोन किलो, आणि लेटेइसीचं कापड आईसाठी निळं, बारीक नक्षीचं. तिने वहीत लिहून घेतलं. एअरपोर्टवर तिने मला मिठी मारली आणि काहीतरी बोलली, ते माझ्याजवळच ठेवते.

घरी आल्यावर मी तिंग केलं, दोन दिवस आंबवून, आईने चाखलं आणि म्हणाली अगं ही तर आंबील आहे, तुझ्या आजीची. मग पातेलं संपेपर्यंत काही बोलली नाही. बाबांनी मीठमसाला मागितला.

आणि चारपाच दिवसांनी दांडिया बाजारात आत्याकडे गेले, दुपारचे साडेबारा झालेले. आत्या म्हणाली जेवूनच जा आता. मी म्हटलं हो. आत्या एकदम थांबली, कारण तिची पुढची वाक्यं तयार होती, अगं असं कसं, दोन घास तरी, आणि ती आता कुठे ठेवायची तिला कळेना. माझ्याकडे बघितलं, मग आत गेली आणि आतून हळू आवाजात आतोबांना म्हणाली, अहो, ऐकलंत का, खाली जाऊन कायतरी घेऊन या, पोरगी खरंच जेवणारे.